अणुसंकट आणि अमेरिकन लष्कर : मदत पोहोचेपर्यंतचे २४ तास



"मदतकार्यासाठी लष्कराला पाचारण करण्यात आले आहे" हे वाक्य आपण सगळे लहानपणापासून बातम्यांमध्ये ऐकत आलो आहोत. १९९३ साली किल्लारीच्या भूकंपात जवानांनी ढिगारे उपसले, ते आपल्यापैकी अनेकांना अजून आठवते. त्यामुळे मोठे संकट आले की लष्कर येणार आणि मग सगळे मार्गी लागणार, असे आपल्या मनात पक्के बसले आहे. अमेरिकेत आल्यावर तर हा विश्वास आणखी वाढतो. जगात सैन्यावर सर्वांत जास्त खर्च करणारा देश हा!

पण समजा, इथल्याच एखाद्या शहरात अणुस्फोट झाला किंवा एखाद्या अणुवीज केंद्रात मोठा अपघात झाला, तर? लष्कराची कोणती तुकडी किती वेळात येणार? तिला बोलावणार कोण? आणि ती येईपर्यंत शाळेतली मुले, ऑफिसमधले आपण आणि भारतातून सहा महिन्यांसाठी आलेले आई-बाबा यांनी काय करायचे? याची एकत्र माहिती मराठीत असावी म्हणून हा लेख. कोणाला घाबरवण्याचा अजिबात हेतू नाही.

थोडक्यात उत्तर आधीच देतो. लष्कराची तयारी बरीच आहे आणि ती कागदावरची नाही, तिचा सराव होतो. पण लष्कराचे घड्याळ तासांवर चालते आणि किरणोत्सारी धुळीचे मिनिटांवर. मधला वेळ आपल्यालाच सांभाळायचा आहे.

दोन वेगवेगळी संकटे

अणुसंकट म्हटले की आपण सगळे एकाच पोत्यात भरतो. प्रत्यक्षात दोन प्रकार नीट वेगळे करायला हवेत.

पहिला प्रकार अणुवीज केंद्रातल्या अपघाताचा. इथे अणुबॉम्बसारखा स्फोट होत नाही. बिघाड हळूहळू वाढतो आणि किरणोत्सारी वायू बाहेर पडण्याआधी बहुधा काही तास, कधी काही दिवस मिळतात. प्रत्येक केंद्राभोवती साधारण १० मैलांचा आपत्कालीन पट्टा आखलेला असतो. अन्न, दूध आणि पाणी यांच्या तपासणीसाठी ५० मैलांचा वेगळा पट्टा असतो. लोकांना हलवायचे की घरात थांबवायचे, हा निर्णय राज्य सरकार घेते.

दुसरा प्रकार अणुस्फोटाचा. अमेरिकन सरकारच्या नियोजनात सर्वसाधारणपणे १० किलोटन शक्तीचा, जमिनीवर झालेला स्फोट गृहीत धरतात. हिरोशिमाचा बॉम्ब सुमारे १५ किलोटनचा होता, त्यावरून अंदाज करा. अशा स्फोटात साधारण अर्ध्या मैलाच्या आत जवळजवळ काहीच उरत नाही, एक मैलापर्यंत इमारतींचे मोठे नुकसान होते आणि सुमारे तीन मैलांपर्यंत काचा फुटतात. त्यानंतर ढगात वर गेलेली माती आणि राख किरणोत्सारी होऊन खाली पडू लागते. हाच तो फॉलआऊट. त्याचा धोकादायक पट्टा वाऱ्याच्या दिशेने १० ते २० मैल लांब जाऊ शकतो.

पहिल्या प्रकारात अधिकाऱ्यांनी सांगितले तर वेळेवर बाहेर पडणे शहाणपणाचे असते. दुसऱ्या प्रकारात ताबडतोब आत जाणे शहाणपणाचे असते. ही गल्लत झाली तर जिवावर बेतू शकते.

लष्कराला बोलावतो कोण?

अमेरिकेत लष्कर आपणहून शहरात उतरून ताबा घेत नाही. आपत्तीत सूत्रे मुलकी यंत्रणेकडेच राहतात. आधी गाव आणि काउंटी, मग राज्य, आणि राज्याला झेपेनासे झाले की गव्हर्नर राष्ट्राध्यक्षांकडे मदत मागतात. १९८८ च्या स्टॅफर्ड कायद्याने ही पद्धत घालून दिली आहे. केंद्राच्या बाजूने समन्वय फीमा करते आणि लष्कर तिच्या मदतीला येते. मात्र जीव वाचवण्यासाठी एक पळवाट मुद्दाम ठेवली आहे. जवळच्या तळावरचा अधिकारी स्थानिक प्रशासनाच्या विनंतीवरून, वरच्या हुकमाची वाट न पाहता, तातडीची मदत सुरू करू शकतो.

इथे दोन प्रकारचे सैनिक लक्षात घ्या. नॅशनल गार्डचे सैनिक एरवी गव्हर्नरच्या हाताखाली असतात. नियमित सैन्य राष्ट्राध्यक्षांच्या हाताखाली असते, आणि १८७८ च्या पॉसे कोमिटेटस कायद्यामुळे त्याला देशात पोलिसाचे काम करता येत नाही. म्हणजे रस्ता अडवणे किंवा लुटारूंना पकडणे हे काम पोलिसांचे आणि गव्हर्नरच्या गार्डचे. जखमींना उचलणे, पाणी पुरवणे, किरणोत्सर्ग मोजणे, लोकांना धुऊन स्वच्छ करणे ही कामे मात्र नियमित सैन्य करू शकते.

२००५ मध्ये कतरिना वादळात गार्ड आणि नियमित सैन्य यांच्या दोन वेगळ्या कमांड एकाच भागात काम करत होत्या आणि बराच गोंधळ झाला. त्यावर उपाय म्हणून एकाच अधिकाऱ्याच्या हाती दोन्हींची सूत्रे देण्याची पद्धत पुढे रूढ झाली. २०१२ च्या सँडी वादळात न्यू जर्सी आणि न्यू यॉर्कमध्ये ती वापरली गेली. त्या काळात तिथे राहणाऱ्या आपल्या मंडळींना ट्रकमधून मदत वाटणारे गार्डचे जवान आठवत असतील.

ही रचना कशी उभी राहिली?

सुरुवात झाली जपानमधल्या एका घटनेने. १९९५ मध्ये टोकियोच्या भुयारी रेल्वेत सारिन हा विषारी वायू सोडला गेला. त्यानंतर १९९६ मध्ये अमेरिकन मरीन कोअरने रासायनिक आणि जैविक घटनांसाठी एक खास दल उभारले. मेरीलँडमधल्या इंडियन हेडचे हे दल २०११ मध्ये फुकुशिमा अपघातानंतर जपानच्या मदतीला पाठवले गेले होते.

नॅशनल गार्डच्या पहिल्या सिव्हिल सपोर्ट टीम १९९० च्या दशकाच्या शेवटी आल्या. १९९९ मध्ये व्हर्जिनियात जॉइंट टास्क फोर्स सिव्हिल सपोर्ट हे कायमस्वरूपी मुख्यालय सुरू झाले. देशांतर्गत संकटात केंद्राच्या सैनिकी मदतीचे नियोजन आधीपासून करून ठेवणे हेच त्याचे काम. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यांनंतर, १ ऑक्टोबर २००२ रोजी, मायभूमीच्या संरक्षणासाठी नॉर्दर्न कमांड स्थापन झाली.

पण मुख्यालय असणे आणि माणसे तयार असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नॅशनल गार्ड आणि राखीव दलांचा अभ्यास करण्यासाठी काँग्रेसने नेमलेल्या आयोगाने जानेवारी २००८ मध्ये स्पष्ट सांगितले की महासंहारक अस्त्रांच्या हल्ल्याला तोंड देण्यासाठी प्रशिक्षित आणि सज्ज दले पुरेशी नाहीत, आणि ही उणीव भयंकर आहे. त्या काळात काही हजार सैनिकांची तीन मोठी दले उभारायची योजना होती. २०१० मध्ये ती बदलून बराचसा भार राज्यांच्या गार्डकडे दिला गेला. कारण उघड होते. दूरच्या तळावरून येणाऱ्या मोठ्या दलापेक्षा जवळचे छोटे दल लवकर पोहोचते.

कोणती तुकडी, किती माणसे, किती तास?

२०१० च्या फेररचनेत ठरलेली उतरंड अशी आहे.

१. सिव्हिल सपोर्ट टीम. एकूण ५७. प्रत्येक राज्यात किमान एक, कॅलिफोर्निया, न्यू यॉर्क आणि फ्लोरिडा इथे दोन-दोन. प्रत्येकीत गार्डचे २२ पूर्णवेळ सैनिक. सोबत फिरती प्रयोगशाळा आणि संपर्काची गाडी. कोणता पदार्थ आहे, किती पसरला आहे, हे ओळखून स्थानिक अधिकाऱ्यांना सल्ला देणे हे काम. पहिली गाडी ९० मिनिटांत आणि पूर्ण टीम ३ तासांत निघते.

२. गार्डची शोध, शुद्धीकरण आणि वैद्यकीय पथके. एकूण १७, प्रत्येकात सुमारे २०० जण. ढिगाऱ्यातून माणसे काढणे, अंगावरची किरणोत्सारी धूळ धुणे, जखमींची प्रतवारी करणे. तयारीची वेळ सुमारे ६ तास.

३. होमलँड रिस्पॉन्स फोर्स. एकूण १०, फीमाच्या प्रत्येक विभागाला एक. प्रत्येकात सुमारे ५७० जण. मॅसॅच्युसेट्स, न्यू यॉर्क, पेनसिल्व्हेनिया, जॉर्जिया, ओहायो, टेक्सस, मिसूरी, यूटा, कॅलिफोर्निया आणि वॉशिंग्टन या राज्यांकडे त्यांची जबाबदारी आहे. तयारीची वेळ ६ ते १२ तास.

४. नियमित सैन्याचे मुख्य प्रतिसाद दल. सुमारे ५,२०० जण. पहिला हिस्सा २४ तासांत आणि दुसरा ४८ तासांत निघायला तयार. यात इस्पितळे, हेलिकॉप्टर, इंजिनिअर, पाणी आणि वाहतूक हे सगळे येते.

५. मागून येणारी दोन दले, प्रत्येकी सुमारे १,५०० जणांची. त्यांना सुमारे ९६ तासांची मुदत.

सगळे मिळून सुमारे १८ हजार सैनिक. याशिवाय ऊर्जा खात्याची न्यूक्लियर इमर्जन्सी सपोर्ट टीम आहे. विमानातून किरणोत्सर्ग मोजून नकाशे बनवणारे तिचे शास्त्रज्ञ लष्करी नाहीत, पण कुठे जायचे आणि कुठे नाही हे सैनिकांना त्या नकाशांवरूनच कळते.

सराव होतो का?

होतो. इंडियाना राज्यात मस्कटाटक नावाचे ठिकाण आहे. पूर्वी तिथे मतिमंद लोकांसाठी मोठी सरकारी संस्था होती. तिच्या इमारती आणि भुयारे आता गार्डच्या शहरी प्रशिक्षणासाठी वापरतात. पडक्या इमारती, उलटलेल्या गाड्या, पाण्यात बुडालेली घरे असा सगळा देखावा तिथे उभा केला आहे. २०१० नंतरच्या दशकात व्हायब्रंट रिस्पॉन्स नावाच्या सरावांत हजारो सैनिकांनी १० किलोटनचा स्फोट झाला आहे असे मानून तिथे आणि जवळच्या कॅम्प ॲटरबरीत काम केले. स्थानिक लोक जखमींच्या भूमिका करतात आणि सैनिक संरक्षक पोशाख घालून त्यांना बाहेर काढतात.

मग अडचण कुठे आहे?

आपल्यापैकी जे सॉफ्टवेअर सपोर्टमध्ये आहेत, त्यांना हे पटकन कळेल. रिस्पॉन्स टाइम वेगळा आणि प्रॉब्लेम सुटायला लागणारा वेळ वेगळा! वर दिलेले तास हे बहुतांशी निघण्याचे आहेत, तुमच्या दारात पोहोचण्याचे नाहीत.

शिवाय सिव्हिल सपोर्ट टीम सोडली तर गार्डचे बहुसंख्य जवान पूर्णवेळ सैनिक नसतात. ते एरवी शिक्षक, मेकॅनिक, नर्स म्हणून नोकरी करतात. त्यांना फोन करून बोलवावे लागते. स्फोट त्यांच्याच शहरात झाला तर त्यांचे कुटुंबही त्याच संकटात असणार. रस्त्यांवर काच आणि बंद पडलेल्या गाड्या असणार. फॉलआऊटच्या पट्ट्यात सैनिकांनाही मनमानी शिरता येत नाही, कारण प्रत्येकाने किती किरणोत्सर्ग घ्यायचा याला मर्यादा असते.

सरकार हे लपवत नाही. अणुस्फोटाला प्रतिसाद कसा द्यायचा याची मार्गदर्शिका २००९ मध्ये प्रथम आणि २०२२ मध्ये तिसऱ्या आवृत्तीत प्रसिद्ध झाली. तिच्या २०१० च्या आवृत्तीत स्पष्ट म्हटले आहे की पहिले २४ तास केंद्राची मोठी मदत घटनास्थळी मिळण्याची शक्यता नाही आणि पूर्ण मदत पोहोचायला अनेक दिवस लागतील.

२४ तासांचे गणित

आता चांगली बातमी. हे २४ तासच आपल्या बाजूने काम करतात. फॉलआऊटची तीव्रता फार झपाट्याने उतरते. तिचा ढोबळ नियम असा की वेळ सातपट झाला की तीव्रता एक दशांश होते. समजा, स्फोटानंतर एका तासाने बाहेर तीव्रता १००० आहे. सात तासांनी ती १०० होईल, ४९ तासांनी म्हणजे साधारण दोन दिवसांनी १०, आणि दोन आठवड्यांनी १.

यात भिंतींचा फायदा मिळवा. साध्या लाकडी घराच्या वरच्या मजल्यावर किरणोत्सर्ग फार तर निम्मा किंवा एक तृतीयांश होतो. त्याच घराच्या बेसमेंटमध्ये साधारण एक दशांश होतो. मोठ्या काँक्रीटच्या इमारतीच्या मध्यभागी किंवा तळघरात तो शंभरावा हिस्साही असू शकतो. गाडीत मात्र जवळजवळ काहीच संरक्षण नाही. म्हणून सगळ्यांत वाईट जागा म्हणजे पहिल्या काही तासांत ट्रॅफिकमध्ये अडकलेली गाडी.

आणि ट्रॅफिक होणारच. १९७९ मध्ये पेनसिल्व्हेनियात थ्री माइल आयलंडचा अपघात झाला, तेव्हा गव्हर्नरनी पाच मैलांतल्या गरोदर स्त्रिया आणि लहान मुले यांनाच बाहेर जाण्याचा सल्ला दिला होता. प्रत्यक्षात एक लाखाहून अधिक लोक निघाले.

आपल्या घरासाठी

१. स्फोट झाला तर १० मिनिटांच्या आत जवळच्या पक्क्या इमारतीत शिरा. बेसमेंट असेल तर तिथे, अपार्टमेंटमध्ये असाल तर मधल्या मजल्यावरच्या पॅसेजमध्ये, खिडक्या आणि छत यांच्यापासून लांब. वेगळी सूचना आली नाही तर किमान २४ तास तिथेच थांबा.

२. मुले शाळेत असतील तर त्यांना आणायला निघू नका. आईबापांसाठी हे सर्वांत कठीण आहे, याची कल्पना आहे. पण शाळेची इमारत बहुधा आपल्या घरापेक्षा पक्की असते, आणि रस्त्यावर आपणही आणि आणताना मुलेही उघडी पडतात. शाळेची आपत्कालीन योजना काय आहे हे आजच विचारून ठेवा, म्हणजे त्या वेळी मनाची समजूत घालणे थोडे सोपे जाईल.

३. दिवसा घरी एकट्या असणाऱ्या आई-बाबांचा विचार करा. फोनवर येणारा इशारा बहुधा इंग्रजीत असतो. त्याचा कर्कश आवाज त्यांना एकदा ऐकवा. फ्रिजवर मराठीत, मोठ्या अक्षरांत कागद लावा: "आत या. दारे-खिडक्या, एसी आणि एक्झॉस्ट पंखा बंद करा. बेसमेंटमध्ये जा. रेडिओ लावा. कोणीही येऊन सांगितल्याशिवाय बाहेर पडू नका." बेसमेंटमधली जागा त्यांना प्रत्यक्ष नेऊन दाखवा. बीपी आणि डायबेटिसच्या गोळ्या निदान आठवडाभर पुरतील एवढ्या जवळ ठेवा. शेजाऱ्यांना सांगून ठेवा की घरी आई-बाबा आहेत.

४. बाहेरून आल्यास वरचे कपडे दाराशीच काढून पिशवीत बांधा आणि लांब ठेवा. एवढ्यानेच अंगावरची बरीचशी धूळ जाते. साबण आणि शाम्पूने अंघोळ करा, त्वचा खरवडू नका. केसांना कंडिशनर लावू नका, कारण त्याने कण केसांना चिकटून राहतात.

५. माणशी दिवसाला एक गॅलन या हिशेबाने बाटलीबंद पाणी, डबाबंद खाणे, बॅटरीचा रेडिओ आणि टॉर्च ठेवा. फ्रिजमधले आणि बंद डब्यातले अन्न चालते. बॅकयार्डातली मेथी-कोथिंबीर सांगितल्याशिवाय खाऊ नका.

६. दुसऱ्या राज्यातला एक नातेवाईक किंवा मित्र सगळ्यांचा निरोप्या म्हणून ठरवा. स्थानिक फोन लागत नाहीत तेव्हा एसएमएस बऱ्याचदा जातो. प्रत्येकाने त्यालाच कळवायचे आणि भारतात त्यानेच कळवायचे.

७. पासपोर्ट, ओसीआय कार्ड, व्हिसाचे कागद, विम्याची कागदपत्रे एका पिशवीत एकत्र ठेवा.

८. आपण एखाद्या अणुवीज केंद्राच्या १० मैलांत राहतो का, ते पाहून ठेवा. राहत असाल तर दरवर्षी माहितीपत्रक किंवा कॅलेंडर टपालाने येते. जंक मेल समजून फेकू नका. पोटॅशियम आयोडाइडच्या गोळ्या फक्त किरणोत्सारी आयोडीनपासून आणि फक्त थायरॉईडचे रक्षण करतात, तेही वेळेवर घेतल्या तर. आरोग्य खात्याने सांगितल्यावरच घ्या. जास्त आयोडीनयुक्त मीठ खाऊन काहीही उपयोग होत नाही.

शेवटी

१३ जानेवारी २०१८ रोजी हवाईमध्ये सगळ्यांच्या फोनवर क्षेपणास्त्र येत असल्याचा इशारा आला. तो चुकीचा होता, पण तसे सांगणारा संदेश यायला ३८ मिनिटे लागली. तेवढ्या वेळात कित्येक लोकांना काय करावे हेच सुचले नाही. त्या बेटांवर सैन्य मुबलक आहे. तरी त्या ३८ मिनिटांत प्रत्येक घर आपापल्या माहितीवरच अवलंबून होते.

लष्कराची तयारी आहे, ती वाढत गेली आहे आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून तिचाच आधार असणार आहे. आत थांबलेली माणसे वाचवणे त्या जवानांनाही सोपे जाते, कारण रस्ते मोकळे राहतात. तेव्हा या शनिवार-रविवारी अर्धा तास काढा. बेसमेंटमध्ये जागा करा, शाळेला ईमेल पाठवा आणि फ्रिजवर तो मराठी कागद लावा.